डोकं मागे, वैजू

वैजू, तुझी आई रोज सकाळी चहा पिता पिता एका ड्रायव्हरला शिव्या घालते. त्याचं वाटोळं होवो, त्याच्या घरात दिवा लावायला कुणी न उरो, असलं सगळं. मी समोर कणीक मळत असते आणि ऐकून घेते. तो ड्रायव्हर कोण, कुठला, मला ठाऊक नाही, कारण तो जन्मालाच आलेला नाही. तुझ्या दादाने तो हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये, मोबाइल कानाला लावून, उभ्या उभ्या तयार केला. पलीकडून आई विचारत होत्या, काय झालं माझ्या पोरीला. दादाच्या तोंडून निघालं, "गाडी... शारजा रोडवर." त्या एका वाक्याने तू गाडीत बसलीस ती बसलीसच.

तू गाडीत नव्हतीस. तू मैदानावर होतीस, रग्बी खेळत होतीस, आणि हे तुझ्या आईला सोडून आमच्या अख्ख्या बिल्डिंगला माहीत आहे.

लोक तुझ्याबद्दल फार गोड बोलतात हल्ली. शाळेतल्या बाई आल्या, मंडळातल्या बायका आल्या, सगळ्यांना तुझा हसरा चेहरा आठवतो. मला नाही बाई जमत तसं. मी तुझ्यावर चिडलेय. रडून झालं माझं, भांडायचं राहिलंय, आणि तू नेहमीसारखी भांडण अर्धं टाकून निघून गेलीस. म्हणून हे लिहितेय. निदान मध्येच "वहिनी, जाऊ दे ना" म्हणून माझं तोंड बंद करायला तू आता नाहीस.

तू आमच्याकडे आलीस ती शारजातल्या शाळेत खेळाची टीचर म्हणून. एक बॅग, एक शिट्टी आणि डाव्या खांद्यावर हाड जुळल्याचा उंचवटा. कॉलेजात कबड्डी खेळताना तो खांदा मोडला होता, राज्याच्या निवडीच्या तोंडावर. तेव्हा आईंनी तुझा हात आपल्या गळ्यावर ठेवून शपथ घ्यायला लावली होती. शिकव, पण खेळायचं नाही. तुमच्या इस्लामपुरात गळ्याची शपथ म्हणजे काय ते मला लग्नानंतर कळलं. मोडली तर ज्याच्या गळ्याला हात लावलाय त्याचं बरंवाईट होतं. तुझा याच्यावर विश्वास होता की नाही, मला कधीच नीट कळलं नाही. विचारलं की तू हसायचीस आणि माझ्या मुक्ताला पाठुंगळी घेऊन गॅलरीत पळायचीस.

मग तुला हेलन भेटली. मुलींना प्रथमोपचार शिकवायला शाळेत आलेली इंग्लिश नर्स. तू पोरींना पकड कशी घालायची ते दाखवत होतीस, ती बघत उभी राहिली आणि म्हणाली, शुक्रवारी रिकामी असतेस का. त्या शुक्रवारी मी पण आले होते, पोह्यांचा डबा घेऊन, कारण परक्या बायकांत तू काय खाशील याची मला काळजी. दुबईच्या बाहेर, शहर संपतं तिथलं ते मैदान. तेव्हा तिथे गवताची काडी नव्हती, नुसती पाणी मारून दाबलेली वाळू. घरातून निघताना तू शॉर्ट्सवर सलवार चढवली होतीस आणि गाडीत ओढणी मागच्या सीटवर टाकलीस, तेव्हाच मला समजायला हवं होतं की हे एका दिवसाचं प्रकरण नाही.

मला नियम कोणी सांगितले नाहीत. इतकंच कळलं की चेंडू कायम मागे द्यायचा आणि आपण पुढे जायचं, आणि चेंडू हातात असलेल्या बाईला आडवी पाडायचं. तुझ्या अंगावर एक ऑस्ट्रेलियन बाई धावत आली, दाराच्या चौकटीत मावणार नाही अशी. मी डबा खाली ठेवला. तू खाली वाकलीस, डोकं तिच्या मांड्यांपुढे घातलंस, गुडघ्यांना मिठी मारलीस, आणि ती धान्याच्या पोत्यासारखी कोसळली. मला वाटलं आता पोलीस येणार. आणि त्या बायकांनी तुला उचलून घेतलं.

हेलनने मात्र तुला तेव्हाच बाजूला नेलं. पकड चांगली आहे, पण डोकं चुकीच्या बाजूला जातंय, म्हणाली. कबड्डीत समोरची चार पावलांवरून येते, तिला रेषेपर्यंत पोचू द्यायचं नाही, म्हणून डोकं आणि खांदा पुढे घालून वाट अडवायची. इथे समोरची अर्ध्या मैदानावरून सुसाट येते. डोकं तिच्या पुढे घातलंस तर तिचा गुडघा किंवा कंबरेचं हाड आधी तुझ्या डोक्याला भेटेल. डोकं तिच्या मागच्या बाजूला ठेवायचं. तू मान डोलावलीस. पुढच्याच वेळी पुन्हा डोकं पुढे. "मॅडम, आता अंगात बसलंय," तू तिला सांगितलंस, जसं काही सर्दीबद्दल बोलत होतीस.

हेलनने माझ्याकडून ते मराठीत शिकून घेतलं. इंग्रजीत सांगून तुझ्या डोक्यात जात नाही असं तिला वाटायचं. पुढची कितीतरी वर्षं त्या मैदानावर तिचं ओरडणं ऐकू यायचं, "डोका मागे, वैजू!" बाकीच्या पोरींना वाटायचं हे तुमच्याकडचं काहीतरी यल्ला-यल्ला, चला-चला म्हणण्यासारखं आहे.

आणि तुझं काय झालं ते मी सांगायला नको. वाळूच्या जागी गवत आलं, तू बदली खेळाडू होतीस ती कॅप्टन झालीस. बहारीनला गेलीस, मस्कतला गेलीस. दुसऱ्या टीमच्या गोऱ्या बायका मॅच संपल्यावर येऊन मला विचारायच्या, ती लहानखुरी इंडियन कुठे आहे. मी मोठ्या तोऱ्यात सांगायचे, माय सिस्टर-इन-लॉ. पण मला एक दिसायचं, वैजू, आणि ते मी तुला तोंडावर सांगितलंय. जे हेलन सोडायला सांगत होती, त्याच्यावरच लोक टाळ्या वाजवत होते. तू डोकं पुढे घालून कुणाला पाडलंस की सगळं मैदान ओरडायचं. अशा टाळ्या मिळाल्या की माणूस ते कशाला सोडेल?

मंडळाच्या हळदीकुंकवाला तू काळा-निळा डोळा घेऊन आलीस ते आठवतं? मी सांगत होते, नको येऊस. तू पैठणी नेसून, गजरा माळून, सुजलेला डोळा घेऊन हजर. सगळ्या जणी वाण घेता घेता तुझ्याकडे बघत होत्या. एकीने मला स्वयंपाकघरात ओढून कुजबुजत विचारलं, भाऊजी बहिणीवर हात उचलतात का हो? तुझा दादा, जो झुरळ मारायला मला हाक मारतो. मी घरी येऊन ते सांगितलं तर तू जमिनीवर बसून हसलीस, डोळा दुखतोय म्हणत हसलीस. दादा मात्र हसला नाही. तो म्हणाला, उद्या हे आईच्या कानावर गेलं तर. तिथे तुझं हसणं बंद झालं.

आई इकडे व्हिजिटवर आल्या होत्या तेव्हा तर तू कमाल केलीस. शुक्रवारी शाळेत जादा प्रॅक्टिस असते म्हणायचीस, घासलेला गुडघा दिसू नये म्हणून घरातही सलवार. आई शारजा-दुबई रस्त्याच्या ट्रॅफिकलाच घाबरायच्या, ट्रक जवळून गेला की डोळे मिटून राम राम म्हणायच्या. तुझ्याकडे बघायला त्यांना भीतीतून सवड नव्हती. त्या गेल्यावर तू मला म्हणालीस की एक दिवस सगळं सांगेन, मीच सांगेन, तुम्ही कुणी नाही सांगायचं. तेव्हापासून ते सांगणं पुढे ढकलणं चाललं होतं. ही स्पर्धा झाली की, ईदची सुट्टी झाली की, इन्शाल्ला.

शेवटच्या खेपेला आधीच इशारा मिळाला होता. एका मॅचमध्ये तुला डोक्याला लागलं, तू उठलीस, खेळलीस. गाडीत मला विचारलंस मुक्ता जेवली का. मी म्हटलं हो. पुढच्या सिग्नलला पुन्हा विचारलंस मुक्ता जेवली का. घरी येऊन उलटी. डॉक्टरने स्पष्ट सांगितलं, महिनाभर मैदानाचं नाव काढायचं नाही, मेंदूला बसलेला धक्का बरा व्हायच्या आत दुसरा बसला तर माणूस हाती लागत नाही. मी शेजारीच बसले होते, मला ते अजून शब्दाशब्दाने ऐकू येतं. त्या आठवड्यात तू आमटीत मिठाऐवजी साखर घातलीस. शाळेतून फोन आला की टीचर वर्ग विसरून दुसऱ्याच वर्गावर गेल्या.

आणि तरी गुरुवारी संध्याकाळी तू किट भरत होतीस. स्वयंपाकघरात आपलं जे झालं ते झालं. मी म्हटलं, डॉक्टरने नको सांगितलंय. तू म्हणालीस, मला बरं वाटतंय. मी म्हटलं, हेलनला विचार. तू म्हणालीस, विचारलंय, ती हो म्हणाली. ते खोटं होतं. तू तिला सांगितलं होतंस की डॉक्टरने परवानगी दिली. दोघींना दोन खोट्या गोष्टी सांगून मधल्या फटीतून निसटलीस, तुझी जुनी चाल. मी तुझे बूट तांदळाच्या डब्यात लपवले, एवढी मोठी बाई मी. सकाळी तू कुणाचे तरी मागून घेतलेले बूट घालून गेलीस. जाताना म्हणालीस, "वहिनी, ही शेवटची. मग इस्लामपूरला जाऊन आईच्या पायाशी बसते आणि सगळं सांगते."

मी तुला खेचून घरी आणायला म्हणून मुक्ताला घेऊन मैदानावर आले. ट्रॅफिकमध्ये अडकले, पोचले तोवर मॅच सुरू झाली होती. तू धावत होतीस, आणि छान धावत होतीस, मेली कुठली. मग ती उंच मुलगी चेंडू घेऊन सुटली आणि तिच्या वाटेत तू एकटीच. तू खाली वाकलीस. तुझं डोकं कुठे जातंय ते मला दिसलं. मी ओरडले, हेलनही ओरडली, दोघींच्या तोंडून एकच. ती मुलगी पडली. तू पडून राहिली नाहीस, उठून उभी राहिलीस, मग खाली बसलीस, आणि मग आडवी झालीस. मुक्ताने माझा हात धरला होता. ती म्हणाली, "आत्या इज नॉट गेटिंग अप."

पुढचं तुला माहीत नाही, म्हणून सांगते. मशीनवर ठेवलं होतं तुला, मग ते बंद करायला दादाने मान डोलावली. हेलन आणि तुझी टीम घरी आली, बूट-चपला बाहेर काढून हॉलमध्ये जमिनीवर बसली. हेलन सारखं म्हणत होती की तिने विचारलं होतं, तू हो म्हणाली होतीस. मला तिचा राग नाही आला. मी तिला चहा दिला, पण जवळ नाही घेतलं, तेवढं मन मोठं नव्हतं माझं त्या दिवशी. तुला घेऊन मुंबईला उतरल्यावर आम्हाला इतर लोकांबरोबर बाहेर जाता आलं नाही. कार्गोच्या गेटवर पाठवलं. तिथे टेम्पोवाले भाजीच्या क्रेट मोजत होते, आणि त्यांच्या रांगेत तुझा दादा तुला घ्यायला उभा होता.

इस्लामपुरात दिवस केले. भेटायला येणारी प्रत्येक बाई आईंपाशी बसून तेच बोलायची. परदेशात जाऊन काय मिळवलं पोरीनं, ना लग्न, ना संसार, रस्त्यावर मरण. मी ओसरीत उभी राहून ओठ चावत होते. मला ओरडून सांगायचं होतं की अगं बायांनो, हिचं नाव घेऊन माणसं टाळ्या पिटायची, तुमच्यातल्या एकीला तरी कुणी खांद्यावर घेतलंय का. पण ते सांगायचं तर गाडी खोटी ठरत होती. दादाला तू आईंच्या नजरेत शपथ मोडणारी ठरायला नको होतीस, म्हणून त्याने तुला गाडीखाली घातलं. आणि त्या गाडीखाली तू एकटी नाही गेलीस, तुझी सगळी वर्षं गेली. कॅप्टन वैजयंती कुठे नव्हतीच. होती ती एक खेळाची टीचर, बिचारी.

मी दादाला स्पष्ट सांगितलं, मी आईंना खरं सांगणार. तो म्हणाला, आत्ता नको, तिला सावरू दे. आई एकट्या पडल्या म्हणून आम्ही त्यांना व्हिजिट व्हिसावर शारजाला घेऊन आलो. आल्यापासून त्यांचा एकच धोशा, जिथे माझ्या पोरीचा जीव गेला ती जागा मला दाखवा, तिथे हार आणि नारळ ठेवायचाय, नाहीतर तिचा जीव तिथेच घुटमळेल.

काल शुक्रवारी नेलं. बर दुबई भागात देवळाच्या गल्लीतून शेवंतीचा हार घेतला, आणि परतताना दादाने कुठेतरी गाडी कडेला लावली, खजुराची झाडं लावली आहेत तिथे. मागून हॉर्नवर हॉर्न. पोलीस आला असता तर काय सांगितलं असतं देव जाणे. आई उतरल्या, जमिनीला हात लावला, हार ठेवला, नारळ ठेवला. मग इकडेतिकडे बघून म्हणाल्या, इथं तर काहीच दिसत नाही, खांबबिंब मोडलेला. दादा म्हणाला, इथे सगळं लगेच दुरुस्त करतात. आई म्हणाल्या, "तिला बी करायचं होतं की मग."

मागच्या सीटवरून मुक्ता म्हणाली, "बट दिस इज नॉट द प्लेस. आत्या वॉज नॉट इन अ कार." आईंना इंग्रजी येत नाही. त्यांनी मला विचारलं, काय म्हणती गं ही? मी म्हटलं, ऊन लागतंय म्हणते. गेले कितीतरी दिवस हेच चाललंय. पोर जेवताना, अभ्यास करताना खरं बोलते आणि मी त्याचं भलतंच भाषांतर करते. घरी आल्यावर मी ठरवलं की बास झालं, खलास, आज सांगायचंच. दादा खाली पार्किंग शोधत होता. मी आईंच्या पलंगासमोर खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, आई, तुम्हाला एक सांगायचंय.

त्या म्हणाल्या, "मला बी सांगायचंय. आधी माझं ऐक, मग तुझं."

वैजू, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. तुला डोकं पुढे घालायला शिकवलं म्हणून मी इतकी वर्षं तुझ्या लहानपणच्या शाळेतल्या कुठल्यातरी पी.टी.च्या सरांना नावं ठेवत होते. आई म्हणाल्या की लग्नाआधी त्या माहेरी हुतूतू खेळायच्या, मळ्यात, पोरी पोरी मिळून. सासरी कुणाला ठाऊक नव्हतं. तू चालायला लागलीस तशी, पुरुषमाणसं कामावर गेली की, परसात तुला शिकवायच्या. त्या पलंगावरून खाली उतरल्या, माझ्यासमोर बसल्या आणि दाखवू लागल्या. "डोकं आधी घालायचं, मग हात. डोकं मागं राहिलं की समोरची निसटून जाती." आणि त्यांनी खरोखर माझ्या मांड्यांपुढे डोकं घातलं आणि गुडघ्यांना मिठी मारली. या वयात काय जोर गं त्या हातांत. मला खुर्चीतून हलता येईना.

डोकं तसंच ठेवून त्या बोलत राहिल्या. "खांदा मोडला तवा मी भ्याले. म्हटलं माझंच शिकवणं एक दिवस हिच्या जिवावर उठणार. म्हणून गळ्याची आण घातली. आणि पोरीनं पाळली बघ. गाडीनं नेली, पण माझ्या शिकवण्यानं नाही गेली. तेवढंच धरून जगतीया मी." त्यांच्या पांढऱ्या केसांवर मी हात ठेवला. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तू काय सांगणार होतीस?"

मी म्हटलं, काही नाही आई, चहा ठेवू का विचारत होते.

चहा ठेवला. मग मुक्ताच्या खोलीत गेले, दार लावलं आणि तिचे दोन्ही दंड धरून तिला सांगितलं की आत्या गाडीत होती. फॉर हाऊ लाँग, म्हणाली. मी म्हटलं, आजी आहे तोवर. तिला रडू आलं, मला नाही आलं. तुझं सगळं तिने डोळ्यांनी पाहिलं होतं, वैजू, माझ्यानंतर तुझी गोष्ट सांगणारी तीच होती, आणि मी तिलाच गप्प केलं.

रात्रीच्या जेवणाला आई तिच्या पानात भात वाढत होत्या. मुक्ताने ताटातून मान वर केली नाही. कुणी काही विचारलेलं नसताना ती म्हणाली, स्वच्छ मराठीत, "आजी, आत्या गाडीतच होती."